जपानी शाळेतला निरोप समारंभ: आईबाबांनी कुठलं गाणं म्हणावं? (मदत हवी आहे)

मेतकूट_भात | १९ जानेवारी, रात्री ११:०४

नमस्कार मंडळी. सात वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आम्ही तोक्योत एदोगावा भागात राहतो. मोठा मुलगा इथल्या सरकारी शाळेत च्यूगाक्कोच्या तिसरीत आहे, म्हणजे आपली नववी धरा. इथे शाळेचं वर्ष मार्चमध्ये संपतं आणि एप्रिलात नवीन चालू होतं, आणि नववीला सक्तीचं शिक्षण संपतं म्हणून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यातला सोत्सुग्योशिकी, म्हणजे निरोप समारंभ, हा फार मोठा प्रकार असतो. आपल्यासारखं आईची साडी नेसून गुलाब आणि पेन घेऊन घरी यायचं असलं काही नाही. सगळं मोजूनमापून, खुर्च्यासुद्धा दोरी लावून मांडलेल्या.

तर समारंभात मुलं काय गाणार ते शाळा ठरवते. पण नंतर पालक शिक्षकांसाठी 'शाओनकाई' ठेवतात, चहापाणी, भाषणं, फोटोंचा व्हिडिओ वगैरे, आणि यंदा कुणाच्या तरी डोक्यात आलं की शेवटी पालकांनी मुलांना एक गाणं म्हणून दाखवायचं. कामं वाटली आमिदाकुजीने. म्हणजे कागदावर शिडीसारख्या रेघा ओढायच्या, वर नावं, खाली कामं, रेघ जिथे नेईल ते तुमचं. मला फुलं हवी होती. मला गाणं आलं. वीस-बावीस जपानी आया, तीन बाबा, आणि गाणं निवडणार कोण, तर जिने शेवटचं चारचौघांत गायलं ते भोंडल्याला.

लाईनच्या (इथलं व्हॉट्सॅपच म्हणा) ग्रुपवर आत्तापर्यंत ४१ गाणी आली आहेत. कुणी कुणाला नाही म्हणत नाही, सगळ्याला 'छान आहे' असं उत्तर. अटी एवढ्याच: पाच मिनिटांच्या आत, तीनच तालमी, पियानोवर एक आई आहे. आणि माझी अट, नुसतं रडवणारं नको, पोरांना जरा बळ येईल असं हवं. सुचवा.

---

निशीकासाईकर | २० जानेवारी, सकाळी ७:४०

अहो शेजारीच आहात की! डोळे मिटून कुठलंही 'साकुरा' (म्हणजे चेरीचा बहर) घ्या. मोरियामा नाओतारोचं २००३ चं साकुरा, केत्सुमेइशीचं २००५ चं साकुरा, कोबुकुरोचं २००५ चंच साकुरा, इकिमोनोगाकारीचं २००६ चं साकुरा. जपानमध्ये पॉप गायकाला बहुतेक साकुरा लिहिल्याशिवाय परवाना देत नसावेत.

गंमत अशी की तुमच्या समारंभाच्या दिवशी खरा साकुरा फुललेला नसण्याचीच शक्यता जास्त, तोक्योत मार्च संपता संपता फुलतो आणि होक्काइदोत तर मे उजाडतो, पण गाण्यात मात्र पाकळ्या पडतच असतात.

---

पेठेतला_सेन्सेई | २० जानेवारी, दुपारी १:१५

मी पुण्यात जपानी शिकवतो, त्यामुळे हा विषय निघाला की मला आवरत नाही, आधीच माफी.

जुनी परंपरा दोन गाण्यांची. एक 'होतारु नो हिकारी', १८८१ चं. चाल स्कॉटलंडची, ऑल्ड लँग साइनची. शब्द मात्र चिनी गोष्टीवरून, दिव्याला तेल नाही म्हणून एक जण काजव्यांच्या उजेडात शिकला आणि दुसरा खिडकीबाहेरच्या बर्फाच्या उजेडात. आपल्याकडे महापुरुष रस्त्यावरच्या दिव्याखाली शिकतात, तसं.

दुसरं 'आओगेबा तोतोशी', १८८४ चं, गुरूचे उपकार मानणारं. हे अस्सल जपानी की बाहेरचं यावर शंभरेक वर्षं घोळ होता. २०११ मध्ये हितोत्सुबाशी विद्यापीठाच्या साकुराई मासातो या प्राध्यापकांना मूळ गाणं एका अमेरिकन शालेय गीतपुस्तकात सापडलं, १८७१ चं. आजकाल पुष्कळ शाळांनी हे सोडलंय, भाषा जुनी आणि दुसऱ्या कडव्यात 'मोठे व्हा, नाव काढा' असला उपदेश, तो बऱ्याचदा गाळतात.

यानंतर १९९१ चं 'ताबिदाची नो ही नी'. याची गोष्ट ऐका. साइतामा प्रांतात चिचिबू गाव, तिथली कागेमोरी च्यूगाक्को. शाळेचं वातावरण बिघडलेलं, तर मुख्याध्यापक कोजिमा नोबोरु यांनी ठरवलं की मुलांना गायला लावायचं. संगीताच्या बाई साकामोतो हिरोमी. काही वर्षं मेहनत करून शाळा खरंच गाती झाली. कोजिमा निवृत्त व्हायच्या वर्षी बाई त्यांना म्हणाल्या, जाणाऱ्या मुलांसाठी शब्द लिहून द्या. ते म्हणाले मला कुठलं जमायला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंच्या टेबलावर कागद! बाईंना चाल पंधरा मिनिटांत सुचली म्हणतात. आणि हे गाणं पहिल्यांदा मुलांनी म्हटलंच नाही, शिक्षकांनी मुलांसमोर म्हटलं, त्यांना न सांगता. एकदाच म्हणायचं होतं. ते देशभर गेलं. २००७ मध्ये स्माप या ग्रुपने टेलिफोन कंपनीच्या जाहिरातीत गायल्यावर तर घरोघरी.

मोठ्यांनी लहानांसाठी गायचं असेल तर याच्याइतकं चपखल दुसरं नाही, असं आपलं माझं मत.

---

मेतकूट_भात | २० जानेवारी, रात्री १०:३१

सेन्सेई, गोष्ट वाचून अंगावर काटा आला हो. पण घोळ असा की नेमकं हेच गाणं समारंभात मुलं म्हणणार आहेत, शाळेने नोव्हेंबरातच ठरवलंय. त्यांनी तीन आवाजांत घोटून घोटून म्हटल्यावर तासाभराने आम्ही तेच आमच्या फाटक्या आवाजात म्हणायचं? नको.

आणि होतारु नो हिकारीवरून आठवलं. जपानमध्ये आले त्या पहिल्या महिन्यात सुपरमार्केटमध्ये रात्री ही चाल लागायची, मला वाटायचं काय गोड लोक आहेत, खरेदीला शांत संगीत लावतात. मी निवांत मुळे-बिळे निवडत उभी. कर्मचारी येऊन येऊन वाकून जायचे. दोन आठवड्यांनी कळलं की ते दुकान बंद होतंय, बाई आता निघा असं सांगणारं गाणं आहे.

---

सूरपारंबी | २१ जानेवारी, सकाळी ९:०२

हाहा. दुकानात वाजतं ते बहुतेक 'वाकारे नो वारुत्सु', त्याच चालीचं तीन मात्रांतलं रूप. लक्ष देऊन ऐका, शाळेतलं चारात चालतं आणि दुकानातलं झोके घेतं.

आणि तुमच्या कानाला ती चाल परकी का वाटली नाही माहितीये? मध्यम आणि निषाद नाहीत. सा रे ग प ध. भूप की हो! जपानी लोक यालाच 'योनानुकी' म्हणतात, चौथा आणि सातवा सूर काढलेली सप्तकं. मेइजी काळात शाळेच्या गाण्यांसाठी परदेशी चाली उचलताना ही लगेच रुजली त्याचं एक कारण हेच असणार. रवींद्रनाथांनीही हीच चाल घेऊन 'पुरानो शेई दिनेर कथा' केलं.

कामाचं सांगते. गाणं निवडण्याआधी आवाज बघा. न शिकलेल्या पंचवीस जणांना वरचा सूर ओढायला लावलात की किंचाळ्या. शाळेतसुद्धा या वयाला तीन भागांचंच समूहगान देतात, दोन मुलींचे आवाज आणि मुलांचा एकच, कारण पोरांचे आवाज फुटत असतात. तुम्ही तर दोन भागांच्याही नादी लागू नका. सगळ्यांनी एकाच सुरात.

---

गप्पीदास | २१ जानेवारी, सकाळी ११:४८

एवढा काथ्याकूट कशाला? आपलं एखादं मराठी गाणं म्हणून टाका, त्यांनाही कळू दे.

---

मेतकूट_भात | २१ जानेवारी, दुपारी १२:०५

गप्पीदासभाऊ, पंचवीसातली मी एकटी मराठी आहे. 'ळ' शिकवण्यातच तीन तालमी जातील.

---

अर्धवट_ओताकु | २१ जानेवारी, दुपारी १:२०

काकू (सॉरी, ताई) तुम्ही सगळे १८८१ मध्ये का अडकलात. योआसोबीचं 'गुन्जो' घ्या ना!! २०२० चं, मध्ये सगळे मिळून गातात तो भाग असा काही चढतो की बस. चित्रं काढणाऱ्या मुलाच्या एका मांगावरून (जपानी कॉमिक) सुचलेलं आहे, आपल्याला जे आवडतं ते करायला भीती वाटते त्याबद्दल. पंधरा वर्षांच्या मुलांना अजून काय पाहिजे. बनवलं चॉकलेटच्या जाहिरातीसाठी, पण ते सोडा.

---

मेतकूट_भात | २१ जानेवारी, रात्री १०:५०

अरे थांब, लाईनवर 'गुन्जो' दोघींनी सुचवलंय, एकीने तुझंच असणार, पण दुसरी म्हणाली की ते गाताना मला शेवटपर्यंत पोचता येणार नाही, आणि सगळ्या एकदम गप्प झाल्या. मला काही कळलं नाही. चॉकलेटच्या जाहिरातीला कोण रडतं?

---

पेठेतला_सेन्सेई | २२ जानेवारी, सकाळी ८:३३

दोन वेगळी गाणी, नाव एकच. गुन्जो म्हणजे गडद निळा.

दुसरं गुन्जो फुकुशिमातलं. मिनामीसोमा शहराचा ओदाका भाग, अणुवीज केंद्रापासून २० किलोमीटरच्या आतला. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीनंतर अख्खा भाग रिकामा करावा लागला, तिथल्या च्यूगाक्कोची मुलं जपानभर पांगली, शाळा दुसऱ्या शाळेच्या इमारतीत भरायला लागली. एका वर्गातली दोन मुलं लाटेत गेली होती. संगीताच्या बाई ओदा मिहोको. उरलेली मुलं एकदा मोठ्या नकाशावर पांगलेल्या मित्रांचे फोटो चिकटवत होती, आणि चिकटवताना जे बोलत होती, किती लांब गेला हा, पण आभाळ तर एकच आहे ना, अशी वाक्यं बाई टिपत गेल्या. त्याचंच गाणं झालं. २०१३ च्या मार्चमध्ये त्या वर्गाने ते स्वतःच्या निरोपाला म्हटलं. पुढे नोबुनागा ताकातोमी यांनी समूहगानासाठी मांडणी केली आणि देशभरच्या शाळा गायला लागल्या.

तुमच्या ग्रुपमधली ती आई बहुतेक याबद्दल बोलत होती.

---

मेतकूट_भात | २२ जानेवारी, रात्री ९:१४

हो. विचारलं. तिचं माहेर तिकडचं आहे. जास्त काही बोलली नाही, मीही विचारलं नाही.

हे गाणं नाही घेणार. चांगलं नाही म्हणून नव्हे, चहा-केकच्या मध्ये म्हणायचं ते गाणं नाही.

---

अर्धवट_ओताकु | २२ जानेवारी, रात्री ११:५९

सॉरी. मला खरंच माहीत नव्हतं.

---

लेकुरवाळी | २३ जानेवारी, दुपारी ३:२०

नागोयाहून लिहितेय. माझी मोठी २०२० च्या मार्चला च्यूगाक्कोतून बाहेर पडली. पंतप्रधान आबेंनी २७ फेब्रुवारीला शाळा बंद ठेवा म्हणून सांगितलं आणि २ मार्चपासून बंद. समारंभ झाला अर्ध्या तासाचा, मधे खुर्च्या सोडून, पालक घरी, आणि गाणं नाही. वर्षभर तालीम केलेली पोरांनी. तिच्या वर्गातल्या पोरांनी नंतर आपापल्या घरून एकेक ओळ रेकॉर्ड करून जोडली, ताल असा काही लटपटत होता की विचारू नका, पण ती अजून फोनमध्ये ठेवून आहे.

धाकट्याचा २०२३ ला झाला, तोवर मास्क काढायला परवानगी मिळाली होती, तरी अर्ध्या मुलांनी काढले नाहीत. तीन वर्षांत एकमेकांची तोंडं पाहिली नव्हती, लाजत होती.

गाणं कुठलंही घ्या हो. म्हणायला मिळतंय ना.

---

निशीकासाईकर | २३ जानेवारी, संध्याकाळी ६:१०

एक व्यावहारिक. शब्दांकडे बघा. फेब्रुवारीत सरकारी हायस्कूलच्या परीक्षा, निकाल मार्चच्या सुरुवातीला. समोर बसलेल्यांत काहींना हवी ती शाळा मिळालेली नसणार. 'जिंकलो', 'स्वप्न पूर्ण झालं' असलं नको. एरवी 'एइको नो काकेहाशी' छान आहे, युझूचं, २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकसाठी एनएचके या इथल्या सार्वजनिक वाहिनीने घेतलेलं, पण त्यात सुवर्णपदकाचा वास येतो. आणि परीक्षेआधी तालीम असेल तर पडणे-घसरणे हे शब्द घरात मोठ्याने म्हणू नका, इथे नापास होण्यालाच पडणं, घसरणं म्हणतात. माझ्या बायकोने त्या महिन्यात पोराला 'बर्फावरून घसरशील' म्हटलं तर शेजारणीने तिच्याकडे असं पाहिलं की काय सांगू.

व्हिडिओवालीलाही निरोप द्या. फुकट कार्यक्रम, कलाकारांना पैसे नाहीत, म्हणजे स्टेजवर गायला परवानगी लागत नाही, जपानच्या कॉपीराइट कायद्यात कलम ३८ आहे. पण फोटोंच्या व्हिडिओखाली सीडीतलं गाणं लावून त्याच्या डीव्हीडी वाटायच्या म्हटलं की गीतकार-संगीतकाराची वेगळी आणि रेकॉर्ड कंपनीची वेगळी परवानगी. आमच्या वेळी हे आदल्या आठवड्यात कळलं आणि शेवटी मुक्या डीव्हीडी वाटल्या.

---

मेतकूट_भात | २५ जानेवारी, रात्री ११:४५

शेवटी ज्याच्यासाठी चाललंय त्याला विचारलं. चिरंजीव भात खात होते.

'तेगामी' म्हणू का? अँजेला आकीचं, २००८ चं, पंधरा वर्षांचा मुलगा भविष्यातल्या स्वतःला पत्र लिहितो आणि मोठा झालेला तो उत्तर देतो, तुझ्याच वयाचं आहे बघ. तर म्हणे, आई, ते एनएचकेच्या शाळांच्या गायन स्पर्धेसाठी च्यूगाक्कोवाल्यांनाच दिलेलं गाणं आहे, आम्ही पहिलीपासून म्हणतोय, आता पत्र लिहायला उरलंय काय.

'मिराई ए'? किरोरोचं, १९९८ चं. यावर त्याने चमचा खाली ठेवला. म्हणे ते मुलीने आईबद्दल म्हटलेलं गाणं आहे, तुम्ही सगळ्या आया उभ्या राहून स्वतःचंच कौतुक करणार का?

मग योआसोबीचं गुन्जो विचारलं. फक्त 'यामेते' म्हणाला. म्हणजे नको. म्हणजे कृपा करा.

मग तुला काय हवं बाबा? तर खांदे उडवून म्हणे, तुम्हाला येतं ते म्हणा ना, आमच्यासाठी आमची गाणी कशाला म्हणता.

दोन दिवस हे वाक्य डोक्यात फिरतंय.

---

सूरपारंबी | २६ जानेवारी, सकाळी ८:५०

पोरगं हुशार आहे. त्या आयांचं वय काय? चाळीस-पंचेचाळीस? मग त्यांच्या विशीतलं काढा, ते पाठ असतं, तालीम लागत नाही. आपल्या बायका नाही का, अर्धं आयुष्य गेलं तरी पेटीची पट्टी लागली की कडवंच्या कडवं येतं.

---

पेठेतला_सेन्सेई | २६ जानेवारी, सकाळी ११:३०

मग एक सांगतो. निरोपाची म्हणून गाजलेली निम्मी गाणी निरोपासाठी लिहिलेलीच नाहीत. १९७९ चं 'ओकुरु कोतोबा' घ्या, किम्पाची-सेन्सेई मालिकेचं, शिक्षकाने मुलांना दिलेला संदेश म्हणून देशभर गातात, आणि ताकेदा तेत्सुयाने ते लिहिलं स्वतःच्या प्रेमभंगावर.

तुमच्या आयांच्या वयाला 'सान्गात्सु कोकोनोका' बरोबर बसेल. रेमिओरोमेन हा तिघांचा बँड, मित्राच्या लग्नासाठी केलेलं गाणं. नावाचा अर्थ ९ मार्च, प्रकाशितही ९ मार्च २००४ लाच. तीन म्हणजे सान, नऊ म्हणजे क्यू, सान-क्यू, कळलं ना? पुढच्या वर्षी 'इचि रित्तोरु नो नामिदा' या मालिकेत वर्गातली मुलं गायनस्पर्धेत ते म्हणतात, आणि तेव्हापासून लग्नाचं गाणं निरोपाचं झालं ते झालंच. आणि त्यात उपदेश नाही. तू माझ्या शेजारी आहेस याचं बरं वाटतं, एवढंच.

---

मेतकूट_भात | २६ जानेवारी, रात्री १०:०२

ग्रुपवर टाकलं. पहिल्यांदाच 'छान आहे' असं उत्तर आलं नाही. दहा मिनिटं कुणीच काही नाही, मग एकीने लिहिलं की माझ्या लग्नात वाजलं होतं. मग दुसरीने, माझ्याही. मग एका बाबाने (हा माणूस तीन वर्षांत ग्रुपवर एक अक्षर बोलला नव्हता) लिहिलं, मी कॉलेजच्या बँडमध्ये हे वाजवायचो, गिटार आणू का?

ठरलं.

---

सूरपारंबी | २७ जानेवारी, सकाळी ७:१५

वा! पट्टी ठरवताना एक करा, ग्रुपमधल्या सगळ्यात कमी गाणाऱ्या बाईला सगळ्यात वरची ओळ म्हणायला लावा आणि ती आरामात म्हणेल तिथे पट्टी धरा. मूळ गाणं पुरुषाचं आणि बऱ्यापैकी उंच आहे. बायका त्याच्या वरच्या सप्तकात गेल्या तर छत फाटेल आणि त्याच्याच सप्तकात राहिल्या तर खालच्या ओळी पुटपुटल्यासारख्या होतील. बाबा लोकांना खाली राहू दे.

---

मेतकूट_भात | २७ जानेवारी, सकाळी ७:२१

सगळ्यात कमी गाणारी बाई मीच आहे. म्हणजे पट्टी माझी. आयुष्यात पहिल्यांदा.

---

लेकुरवाळी | २२ मार्च, दुपारी १२:४०

काय झालं हो पुढे? धागा वर काढतेय.

---

मेतकूट_भात | २३ मार्च, रात्री ११:३०

झालं एकदाचं. जरा श्वास घ्यायला वेळ मिळतोय, लिहिते.

समारंभात मुलांनी ताबिदाची नो ही नी म्हटलं. सुरुवातीला सगळे एकत्र आणि मग शेवटाकडे मुली वर जातात आणि मुलगे मागून येतात ना, तिथे मी सेन्सेईंनी सांगितलेल्या त्या टेबलावरच्या कागदाचा विचार करत होते. आमचा बुवा शेवटून दुसऱ्या रांगेत, तोंड उघडत होता की नाही देव जाणे. बाहेर आल्यावर त्याच्या कोटाचं वरून दुसरं बटण गायब. इथे ते मुलगी मागते, छातीजवळचं म्हणून. कुणाला दिलं विचारलं तर म्हणे तुटलं. बरं.

शाओनकाईत आमचा नंबर शेवटचा. पहिलं कडवं नीट. तिकडच्या माहेरची ती आई माझ्या शेजारी होती, शेवटपर्यंत गायली. दुसऱ्या कडव्यात पियानोवाली बाई थांबली, एकदम, हात मांडीवर, रडतेय. पंचवीस माणसं अधांतरी. गिटारवाल्या बाबाने दोन-तीन सेकंदांनी पकडलं, पण तोवर आम्ही नुसत्याच गात होतो, आणि मागे बसलेल्या मुलांपैकी कुणीतरी खालच्या आवाजात म्हणायला लागलं. मग बरेच. त्यांनाही येत होतं. आमचं गाणं त्यांनाही येत होतं, हे आम्हाला कुणाला सुचलंच नव्हतं.

घरी येताना चिरंजीवांना विचारलं कसं झालं. म्हणे ताल पळत होता.

डीव्हीडीवर गाणी नाहीत. निशीकासाईकर, आभारी आहे, व्हिडिओवाली तुम्हाला दुवा देतेय.

---

अर्धवट_ओताकु | २४ मार्च, रात्री १२:१५

मुलं म्हणायला लागली तिथे अंगावर आलं राव. रेकॉर्डिंग असेल ना कुणाकडे??

---

मेतकूट_भात | २४ मार्च, सकाळी ६:५०

आहे, आमच्याच घरातल्या बाबांनी काढलंय. चार मिनिटं समोरच्या माणसाचा खांदा दिसतो.

---

सूरपारंबी | २४ मार्च, सकाळी ९:१०

एक विचारू? पियानो थांबल्यावर गिटार येईपर्यंत सूर चढला होता की उतरला?

---

मेतकूट_भात | २४ मार्च, सकाळी ९:१३

उतरला. बराच.